मायच्या हसण्याची मूळ प्रत

सेक्टर १०, भिलाई
६ मार्च २०२२

स्वस्ति श्री हुडकोनगरनिवासी, द्विमजली-वास्तु-विभूषित, शुभ्र-चतुश्चक्री-मंडित, सॅनिटायझर-सिंचन-धुरंधर, शिरस्त्राण-शिरोमणी, दूरस्थ-नमस्कार-व्रत-प्रतिपालक, कैलासवासी रामाजी कापगते यांचे द्वितीय व स्वतःच्या मते अद्वितीय चिरंजीव, श्रीमान प्रवीणराव यांच्या चरणी नव्हे, कारण आपण वयाने धाकटे आहात, तर त्यांच्या दारातील पायपुसण्याच्या सन्निध, जुन्या क्वार्टरचे तात्पुरते धारक ज्येष्ठ बंधू हेमराज यांचा यथाविधी, यथाशक्ती आणि प्रेमाचा अंश वगळून केलेला नमस्कार पोहोचो.

हस्तलिखित पत्राचे प्रयोजन असे की मायच्या तेरवीनंतर आपण मला फोनवर ‘ब्लॉक’ करून ठेवले आहे. माझी तक्रार नाही. शांतता मलाही प्रिय आहे. परंतु आता एक कार्य असे उपस्थित झाले आहे की ज्यासाठी आपले सहकार्य, दुर्दैवाने, अपरिहार्य ठरते.

कार्य आपल्या पुतणीचे आहे. टाळेबंदीत महाविद्यालय बंद असताना मोनाच्या प्राध्यापिकेने विद्यार्थ्यांना आज्ञा दिली होती की बाहेर पडू नका, घरात नित्य जे घडते त्याची छायाचित्रे काढा. मुलांनी काढली. कोणी साबणाने धुतलेल्या दुधाच्या पिशव्या, कोणी दोरीवर वाळणारे मास्क, कोणी न्हाव्याच्या अभावी पित्याच्या हातून विद्रूप झालेले बंधूचे मस्तक. त्यातील निवडक चित्रे आता महाविद्यालयाच्या सभागृहात येत्या चोवीस एप्रिलपासून मांडली जाणार आहेत. मोनाचे एक चित्र प्रवेशद्वाराशीच, दाराच्या फळीएवढे मोठे करून लागणार आहे. ते चित्र कोणते, हे आपणास सांगण्याची आवश्यकता नाही. आमच्या अंगणातले. माय हसते आहे ते.

अडचण तांत्रिक आहे. मोनाचा फोन गेल्या जून महिन्यात कूलरमध्ये पाणी भरताना टाकीत पडला आणि त्याने तेथेच समाधी घेतली. प्राध्यापिकेकडे पोहोचलेली प्रत व्हॉट्सॲपने पिळून काढलेली आहे. ती मोठी केली की मायचे मुख भिजलेल्या वर्तमानपत्रातल्या मुखासारखे पसरते. संपूर्ण, अक्षत, मूळ प्रत अखिल ब्रह्मांडात एकाच ठिकाणी आहे, आपल्या फोनमध्ये. माय गेल्याच्या तिसऱ्या दिवशी फ्रेमसाठी फोटो पाहिजे म्हणून आपणच ती मोनाकडून ‘डॉक्युमेंट’ रूपाने, म्हणजे न पिळता, मागवून घेतली होती.

त्या प्रतीचे आपण काय केलेत, ते माझ्या भिंतीवरही टांगलेले आहे. आपल्या परिचित बाबुलालने त्याच्या स्टुडिओत मायचे शिर धडावेगळे केले आणि ते जांभळा शालू नेसलेल्या कोण्या अपरिचित स्त्रीच्या खांद्यांवर स्थापित केले. पाठीमागे धबधबा सोडला. मृताला स्टुडिओत नवे धड प्राप्त होते ही आपल्याकडची रूढी मला ज्ञात आहे. बाबांनाही याच बाबुलालने कोट चढवला होता. हयातीत त्यांनी कोट केवळ साहेबांच्या अंगावर पाहिला. परंतु बाबांची मुद्रा गंभीर होती, कोटाला शोभून गेली. माय खदखदून हसत होती. आता माझ्या बैठकीत एक शालूधारिणी स्त्री धबधब्याकडे पाठ करून अकारण हसत बसलेली असते, आणि येणारा प्रत्येक पाहुणा क्षणभर आपल्या पँटची चेन तपासतो.

तरी मूळ प्रत मोनाच्या नव्या फोनवर त्वरित धाडावी. नंबर आपल्या गृहिणी गीतांजलीकडे आहे.

कागदोपत्री आपला थोरला भाऊ,
हेमराज

*

सेक्टर १०, भिलाई
२१ मार्च २०२२

श्रीमान,

आपले उत्तर आपल्या वहिनी नीतू यांच्या फोनवर ध्वनिरूपाने अवतीर्ण झाले. आमच्या गृहस्वामिनी त्या वेळी भजी तळत होत्या, त्यामुळे आपल्या वक्तव्याला तेलाच्या तडतडीची साथ लाभली. मी ते तीनदा ऐकले. पुढे वाद नको म्हणून अक्षरशः उतरवून ठेवतो: “वहिनी, भाऊले सांगून द्या, तो फोटो मी देत नाही. माय गाऊनवर आहे त्याच्यात. कॉलेजात टांगता काय मायले गाऊनवर? लोक पायतीन, हसतीन. काही लाज आहे का नाही?”

वाहवा. आपल्या मातृभक्तीने मी सद्गदित झालो. मायने त्या गाऊनवर, खांद्यावर टॉवेल टाकून, या सेक्टरच्या रस्त्यावर भाजीवाल्याशी अगणित युद्धे केली आणि जिंकली, तेव्हा आपली लाज कोणत्या पाळीत ड्यूटीवर होती?

गाऊन हे निमित्त आहे, प्रवीण. त्या चित्रात आणखी कोण आहे, ते मी लिहितो. म्हणजे आपल्या फोनमध्ये जे दडले आहे ते निदान कागदावर तरी उजेडात येईल.

चित्राच्या डाव्या अंगाला मेंदीचे कुंपण आणि आमचे फाटक. फाटकाच्या खांबावर लाल स्टिकर, कारण मी पॉझिटिव्ह होतो आणि आतल्या खोलीत कोंडलेला होतो. फाटकाबाहेर, रस्त्याच्याही पलीकडच्या कडेला, एक मानवसदृश प्राणी. एप्रिलच्या उन्हात त्याने रेनकोट घातलेला आहे. डोक्यावर हेल्मेट, काच खाली. हातांत भांडी घासायचे रबरी मोजे. आणि त्या हातांत आंबे उतरवायचा झेला: बाबांनी साकोलीहून आणलेला तो लांबलचक बांबू आणि त्याच्या टोकाची जाळी. जाळीत माझ्या गोळ्यांची पाकिटे आणि गीतांजलीने केलेल्या खिचडीचा डबा. झेला रस्ता ओलांडून, कुंपणावरून डुलत आत आलेला आहे आणि वाटेत दोरीवरचा माझा लेंगा हुकात अडकवून सोबत घेऊन आलेला आहे. अंगणाच्या मध्यभागी माय. मास्क हनुवटीखाली. एक हात कमरेवर, दुसरा तोंडाशी नेता नेता राहून गेलेला. ती हसते आहे.

असे हे चित्र. त्यात लाज वाटावी असे जे आहे ते गाऊनमध्ये नाही, रेनकोटमध्ये आहे. सख्ख्या आईला आणि आजारी भावाला मुलाने माकडाला फुटाणे द्यावेत तसे काठीने अन्न दिले, हे सभागृहाच्या दारातच लोकांना दिसेल, हे आपले खरे दुःख. स्मशानातही आपण गाडीच्या काचा वर करून बसला होतात, असे मला सांगण्यात आले. त्याचे छायाचित्र कोणी काढले नाही, हे आपले भाग्य.

संदेशाच्या शेवटी, तेल शांत झाल्यावर, आपण आणखी एक वाक्य उच्चारले आहे: “अन् भाऊले हे बी इचारा, मायले कोरोना झाला तं कोणाच्या घरात झाला.”

या प्रश्नाचा निर्णय साथरोगशास्त्राच्या पंडितांनी करावा. मी ड्यूटीवर जात होतो. भट्टी कोणासाठी विझवता येत नाही, हे आपण त्याच पोलादाच्या प्लांटमध्ये पगार घेत असल्याने जाणता. मी परतल्यावर अंगणातच स्नान करीत असे, कपडे बाहेरच भिजवीत असे, आणि माय मला साबण आणून देण्यासाठी, नको नको म्हणत असताना, तेथे येत असे. या विषयावर मी अधिक लिहिणार नाही. शाई संपत आली आहे.

तथापि मुद्दा तोच. प्रत धाडावी. आपल्यापाशी कारण नाही, केवळ भीती आहे, आणि ती आपली जुनी सहचरी असल्याचे चित्रावरून सिद्धच आहे.

हेमराज

*

सेक्टर १०, भिलाई
५ एप्रिल २०२२

प्रवीण,

उपाधी या वेळी वगळतो. घरात सध्या रणधुमाळी आहे आणि तीत माझ्या बाजूला कोणी नाही.

गीतांजलीच्या मुखाने तुझी अट पोहोचली: चित्रातून तुला कापून टाकायचे, केवळ माय ठेवायची, मग प्रत मिळेल. कापाकापीचा तुझा उत्साह प्रशंसनीय आहे. प्रथम मायचे धड कापलेस, आता स्वतःला कापायला निघालास; उरलेल्या भागात बाबुलाल धबधबा सोडेलच.

खरे सांगतो, मी क्षणभर तयार झालो होतो. मोनाने ऐकले नाही. ती सहसा माझ्याशी हिंदीत भांडते आणि हिंदी अपुरी पडली की मराठीत येते. या वेळी ती थेट मराठीतच आली. “काकाले कापलं तं आजी कशाले हसून राहिली ते कोणाले समजन, बाबा? मंग त्या जांभळ्या साडीवालीत अन् याच्यात फरक काय?”

मी म्हणालो, काका देत नाही तर काय करणार. त्यावर ती जे म्हणाली ते मी तुला कळवू नये, परंतु तू ते तिच्याकडून ऐकशीलच. ती म्हणाली, “आपको फोटो चाहिए ही नहीं. आपको काका की बेइज्जती चाहिए, वो भी बड़े साइज में.”

मी तिला तिच्या वयाची जाणीव करून दिली. तिने माझ्या वयाची मला करून दिली. त्यानंतर ती स्कूटी काढून तुझ्याकडे गेली. मी पाठवली नाही, ही नोंद असावी.

परत आली तेव्हा तिचा नूर बदललेला होता. तू तिला काय म्हणालास ते तिने जेवताना, माझ्याकडे न पाहता, नीतूला सांगितले. फ्रेमखालच्या सोफ्यावर तू बसला होतास म्हणे, आणि फोन काढून तोच फोटो तिला दाखवलास, आणि म्हणालास, “तुया बापाले वाटते मी भेकड दिसतो म्हणून लपवून राहिलो. दिसतो तं दिसतो. बेटा, ती मले पाहून हसली ना. मग चार दिवसांनी तिले ताप आला. आता हा एकच आहे मायापाशी. कॉलेजच्या पोट्ट्यांनी त्याच्यासमोर उभं राहून सेल्फी काढावा, कावून?”

तर हे असे आहे. भीती नव्हे, मालकी.

प्रवीण, मालकीचा दावा कायद्याच्या अंगाने तपासू. छायाचित्र मोनाचे. अंगण माझ्या नावावर मिळालेल्या क्वार्टरचे. लेंगा निर्विवाद माझा. माय उभयतांची. तुझा त्यात केवळ बांबू आहे, आणि तोही मुळात बाबांचा. अशा अवस्थेत तू त्या हसण्यावर सातबारा चढवून बसला आहेस.

ती मला पाहून हसली, म्हणे.

मी त्या वेळी कोठे होतो, हे तू कधी विचारलेस? आतल्या खोलीत. दाराशी नीतू झाकलेले ताट ठेवून दूर होई, मग मी दार किलकिले करीत असे. ऊन अडावे म्हणून खिडकीच्या काचांना वर्तमानपत्रे चिकटवलेली. दिवस कोणता ते पंख्याला विचारावे. त्या दुपारी अंगणात काही धडपडले, आणि माय हसली. आपल्या मायला तू ओळखतोस. बाबा गेल्यापासून ती ओठ मिटून हसायची, समोरचा दात पडला म्हणून. त्या दिवशी ती तसे हसली नाही. मी खाटेवर उठून बसलो. खिडकी उघडायचे बळ नव्हते, आणि उघडू नये असे डॉक्टर बजावून गेले होते. मी ऐकले. एवढेच. पुढे तिला खोकला झाला तो मी भिंतीतून ऐकला. रुग्णवाहिका आली ती ऐकली. मायला नेताना ती नीतूला कूलरमध्ये पाणी बघ म्हणाली, तेही ऐकले. नंतरचे सगळे किट घातलेल्या परक्या माणसांनी केले.

तू निदान हेल्मेटच्या काचेतून पाहिलेस. माझ्या भिंतीवर जी हसते आहे ती दुसऱ्याच्या गळ्याची आहे, आणि प्राध्यापिकेकडच्या प्रतीत तोंडाच्या जागी डाग आहे. या परिच्छेदाचा उपयोग माझ्याविरुद्ध करायचा असेल तर खुशाल करावा. गीतांजलीला मोठ्याने वाचून दाखवावा, तिचे मनोरंजन होईल.

मायचे वर्षश्राद्ध एकोणीस तारखेला आमच्याकडे आहे. धाकटा मुलगा म्हणून येणे तुझे कर्तव्य आहे. थोरला म्हणून बोलावणे माझे होते, ते मी अत्यंत नाखुशीने या ओळीत पूर्ण केले आहे.

हेमराज

*

सेक्टर १०, भिलाई
२० एप्रिल २०२२

प्रवीण,

काल जे घडले त्याचा वृत्तांत तुझ्या आधी मी लिहून ठेवतो, म्हणजे इतिहास तरी शुद्ध भाषेत राहील.

तू पहिली पाळी संपवून, प्लांटच्याच कपड्यांत, तोंडावर भट्टीचा काळपटपणा घेऊन आलास. भटजी ताटकळत होते. तू फाटकापर्यंत आलास आणि थांबलास. लोखंडाला हातही लावला नाहीस. मी बैठकीतून पाहत होतो, उठणार नव्हतो. नीतू गेली. तुझी वहिनी तुला जे म्हणाली ते या वर्षात या घरात बोलले गेलेले सर्वांत शहाणे वाक्य असावे: “भाऊजी, आता तं या आत. स्टिकर निघाला कधीचा.”

तू बूट काढलेस आणि आत आलास. मला नमस्कार केला नाहीस, तेही लक्षात आले आहे. खिशातला फोन काढून मोनाच्या हातात दिलास आणि म्हणालास, “घे. तुया बापाचं पत्र वाचलं मी.”  कोणता परिच्छेद, ते सांगितले नाहीस.

मोनाने विधी आटोपेपर्यंत धीर धरला, हे तिचे संस्कार. पिंड ठेवले, अंगणात पान मांडले, आणि आपण सगळे हातपाय धुऊन आत आलो तोवर तिने ते चित्र टीव्हीवर चढवले होते.

मायएवढी माय. तू सोफ्याच्या एका टोकाला, मी दुसऱ्या, आणि मध्ये भटजी. त्यांचा काही दोष नव्हता. गाऊनवरची फुले ओळखू येत होती. हनुवटीखालच्या मास्कची दोरी एका कानामागून सुटलेली होती. पडलेल्या दाताची फट दिसत होती, हात तिथवर पोहोचायच्या आतच मोनाने चित्र घेतले होते.   या घरात आपण एकत्र इतके गप्प बाबांच्या मारानंतरच बसत असू.

मग मला दिसले. लहान प्रतीत वाटायचे की ती झेल्याकडे, म्हणजे तुझ्याकडे, पाहते आहे. मोठ्यात ते तसे नव्हते. मान तुझ्या दिशेला होती, परंतु डोळे वळलेले होते. डोळे उजवीकडे, घराकडे, वर्तमानपत्रे चिकटवलेल्या खिडकीकडे होते.

लेखणी हाती नसल्याने माझ्या तोंडून जे निघाले ते तुझ्याच भाषेत निघाले. “प्रवीण, पाह्य. ती मायाकडे पाहून राहिली.”

तू पुढे वाकलास. “कोणाकडे? खिडकी तं बंद आहे.”

“मी आत होतो ना. तिले माहीत होतं.”

“बंद खिडकीकडे कोण पायते, भाऊ? ती मले म्हणे, ‘आलं बाई, हुडकोचं भूत आलं.’ मी होतो तिथं. मी ऐकलं.”

“भूत आलं हे ती मले सांगून राहिली होती.”

“तुले सांगाले हसवलं कोणं तिले? मी का त्या खिडकीनं?”

त्यावर मी आवाज चढवला. तूही चढवलास. भटजींनी दक्षिणेविना उठण्याची तयारी दाखवली, जी त्यांच्या कुळात प्रथमच घडली असावी. मोनाने रिमोट उचलून ध्वनी बंद करण्याचे बटण दाबले. चित्राला ध्वनी नव्हता, परंतु हेतू आपल्याला कळला. तू उठलास. जाताना दारात वळून तू म्हणालास, “तुले सगळंच पाहिजे, भाऊ. घर पाहिजे, माय पाहिजे, आता तिचं हसणं बी पाहिजे.” आणि वाढलेल्या पानावरून निघून गेलास. वर्षश्राद्धाच्या दिवशी उपाशी गेलास, ही माझ्यावर सूड घेण्याची पद्धत म्हणून मी स्वीकारतो. तुझे पान नीतूने झाकून ठेवले, मग मी संध्याकाळी खाल्ले. वडे चांगले झाले होते.

निर्णय पुढीलप्रमाणे. प्रत छापखान्यात गेली. मोना सांगते की काहीही कापलेले नाही: तू नाहीस, लेंगा नाही, खिडकी नाही. खाली ओळ काय द्यायची म्हणून प्राध्यापिकेने विचारले तेव्हा तिने केवळ ‘आजी, दुपार’ असे लिहून दिले. दोन्ही पक्षांनी तिच्यावर दडपण आणण्याचा प्रयत्न केला. माझा मला ठाऊक आहे, तुझा गीतांजलीने सांगितला. ती बधली नाही. रविवारी चित्र दारात लागेल. तू ये किंवा येऊ नकोस. आलास तर माझ्या शेजारी उभा राहू नकोस. मी उजव्या अंगाला, खिडकीच्या बाजूस उभा राहणार आहे. ती माझ्याकडेच पाहते आहे, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला मी आवश्यक वाटल्यास समजावून सांगेन.

जांभळ्या शालूतल्या बाईंना आज भिंतीवरून उतरवले. टाकून देववेना, कपाटावर तोंड भिंतीकडे करून ठेवल्या आहेत.

आता अखेरचा, आणि खरे म्हणजे एकमेव तातडीचा विषय. काल संतापाच्या भरात तू दाराशी पडलेल्या दोन जोडांपैकी माझे सेफ्टी शूज पायांत घालून गेला आहेस. प्लांट सर्वांना एकाच काळ्या रंगाचे बूट देते, हे मान्य. परंतु माझे नऊ नंबरचे आहेत आणि तुझे सात. फटफट वाजत गेलास ते नीतूने ऐकले, तुला कसे कळले नाही? तिला म्हटले, दिराला फोन कर. ती म्हणते, दोघांचे पाय दोघांनी पाहून घ्या. उद्या माझी पहिली पाळी आहे. बुटांविना गेटवर आत सोडत नाहीत. तुझे बूट घालून पाहिले, टाच बाहेर राहते. आणि नाड्या सैल कराव्यात तर डाव्या नाडीला तू कसली गाठ मारून ठेवली आहेस कोण जाणे, सकाळपासून सुरीच्या टोकाने उकलतो आहे, सुटत नाही.

हेमराज